राजा बरा की अध्यक्ष?

फिजिक्स शिकवणाऱ्या बाईंना लग्नाच्या पंगतीत गाठून कुणी विचारत नाही, "मॅडम, गुरुत्वाकर्षण असावं की नसावं?" मराठीच्या सरांना रिक्षात बसल्यावर कुणी समास सोडवायला लावत नाही. राज्यशास्त्रवाल्यांचं तसं नाही. आमचा विषय सगळ्यांनाच येतो! परवा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. तोंड उघडं, आत कापूस कोंबलेला, आणि डॉक्टर विचारतात, "मॅडम, खरं सांगा, राजा बरा की निवडून आलेला अध्यक्ष? मला तर वाटतं राजाच बरा." मी म्हणाले, "आं." डॉक्टर नर्सला म्हणाले, "बघा, मॅडमचंसुद्धा हेच मत आहे!"

सव्वीस वर्षं मी हा विषय शिकवतेय. राहते सावेडीत. कॉलेज श्रीरामपूरच्या अलीकडे, मागच्या बाजूला ऊस आणि पुढे हायवे. रोज एसटीने जाऊन-येऊन. पर्सच्या तळाशी जुनी तिकिटं साचतात ना, तसे हे किस्से साचलेत. मी काही मुद्दाम जमवले नाहीत. पूर्वी हसत हसत सांगायचे. आता सांगता सांगता मधेच थांबते. समोरचा हसत असतो, आणि मला कळत नाही की यात हसण्यासारखं नेमकं काय होतं.

सांगते.

*

दरवर्षी "शासनाचे प्रकार" हे प्रकरण सुरू केलं की पहिल्या तासाला मी वर्गाला हात वर करायला लावते. राजेशाही, म्हणजे वंशाने आलेला राजा, कुणाला हवी? अध्यक्षीय पद्धत, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी लोकांनी निवडलेला प्रमुख, कुणाला हवी? सुरुवातीच्या वर्षांत राजासाठी दोन-तीन हात वर यायचे, तेही मागच्या बाकावरच्या टवाळ पोरांचे. यंदा पुढच्या तीन रांगा सोडल्या तर अख्ख्या वर्गाचे हात वर!

मी एकाला उभं केलं. "का रे बाबा, राजा कशाला?"

"मॅडम, राजा असला की डिसिजन फास्ट होतो. उगं चर्चा न्हाई, कोर्ट न्हाई, काय न्हाई."

"आणि डिसिजन तुझ्याविरुद्ध गेला तर?"

"माझ्याविरुद्ध कसा जाईल? मी राजाच्याच बाजूचा हाय की!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

खिडकीपाशी एक मुलगी बसली होती. पाथर्डीकडची, होस्टेलला राहणारी. तिने दोन्ही वेळेला हात वर केला नव्हता. मी विचारलं, "तुझं काय मत?"

ती उभी राहिली. "मॅडम, राजा आला काय अन् अध्यक्ष आला काय, दसरा झाला की मला आई-बापासंगं ऊस तोडायला जावं लागतंय. परीक्षेला मी नसंन. मंग मत दिऊन काय करू?"

मी फळ्याकडे वळले आणि पुढच्या मुद्द्याचं शीर्षक लिहिलं: "नागरिकांचा सहभाग." पुस्तकात तेच होतं!

*

मधे परदेशात कुठे कुठे मोर्चे निघाले, "आम्हाला राजा नको" म्हणून. त्या दिवशी स्टँडवरून सावेडीला येताना रिक्षावाल्या भाऊंनी सिग्नलला मोबाईल मागे केला.

"मॅडम, तुमी कॉलेजात शिकवता ना? ह्ये बगा. ह्यांच्याकडं तर अध्यक्ष हाय म्हनं. मग राजा नको कुनाला म्हनत्यात?"

मी म्हटलं, "त्यांचं म्हणणं असं, की निवडून दिलेला माणूस राजासारखा वागायला लागलाय."

"आसं रस्त्यावं उभं ऱ्हाऊन म्हनले?"

"हो."

"बोर्ड धरून? तोंड उघडं ठेवून?"

"हो, भाऊ."

"मग? मोर्चा झाल्यावं कुटं नेलं त्यांना?"

"कुठे नाही. घरी गेले असतील. जेवायला."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले. भाऊंनी गिअर टाकला आणि स्वतःशीच म्हणाले, "घरी गेले! लई लांबचा देस दिसतोय."

*

आमच्या संस्थेलाही अध्यक्ष आहेत. आबासाहेब. संस्था त्यांनीच काढली, माळरानावर पहिल्या खोल्या बांधताना स्वतः विटा उचलल्या, हे कुणी नाकारत नाही. वय झाल्यावर आबासाहेबांनी पद सोडायचं ठरवलं आणि त्यांचे चिरंजीव भैय्यासाहेब यांचं नाव पुढे आलं. म्हणजे नाव एकच होतं, त्यामुळे मागे-पुढे असं काही नव्हतंच.

इतिहासाचे पठारे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "राजाच्या पोराला राजा व्हायचं तर बाप मरायची वाट बघावी लागायची. अध्यक्षाच्या पोराला तेवढीही कळ काढावी लागत नाही. ही प्रगतीच म्हणायची!" आम्ही सगळे खूप हसलो. हसताना दार लावून घेतलं होतं.

माझा विषय राज्यशास्त्र, म्हणून निवडणूक निर्णय अधिकारी मी! टेबल टाकलं, शिक्का ठेवला, पाण्याची बाटली ठेवली. सकाळी भैय्यासाहेबांचा अर्ज ढोल-ताशात आला. त्यानंतर मी एकटीच बसून होते. आणि अकराच्या सुमाराला नाना आले. नाना म्हणजे रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, संस्थेचे आजीव सभासद. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी.

"मॅडम, अर्ज द्यायचाय."

"कुणाचा?"

"माझाच. निवडून येनार न्हाई ते मलाबी कळतं. पन चाळीस वर्सं पोरांना निवडनूक शिकवली ओ. कदीतरी दोन नावं असू द्या की कागदावर!"

क्लार्क म्हणाला, "छापील फॉर्म संपले." एक फॉर्म दिला होता, तेवढ्यात संपले! नानांनी पिशवीतून रेघी वही काढली, मधलं पान फाडलं आणि उभ्या उभ्या अर्ज लिहिला. काय अक्षर! मी शिक्का मारला. खरं सांगते, तो शिक्का मारताना मला नोकरी लागली त्या दिवसासारखं वाटलं.

एक तासाने नाना परत आले. या वेळी बसले.

"मॅडम, माघार घ्यायचा कागद कसा लिहायचा?"

मी कोरा कागद पुढे सरकवला. तेच म्हणाले, "धाकटी सून आपल्याच शाळंत हाय. आत्ता तिला फोन आल्ता." मग पेन उघडून विचारलं, "कारन लिहावं लागतं का?"

मी म्हटलं, "लिहा... प्रकृती."

नानांनी "प्रकृती" लिहिलं. थोडं थांबून वर पाहिलं. "कुनाची, ते लिहायचं का?"

त्या संध्याकाळी मी निकालपत्रावर "बिनविरोध" असं लिहिलं. माझ्या अक्षरात आहे अजून ऑफिसात.

*

भैय्यासाहेब तसे वाईट नाहीत. हौशी आहेत, वाचतात, म्हणजे मोबाईलवर वाचतात. संविधान दिनाला त्यांनी भाषण केलं. "आपल्या देशाला अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत पाहिजे! एक माणूस, एक निर्णय! पाचशे डोकी एकत्र बसून काय होतं? नुसता गोंधळ!" टाळ्या.

कार्यक्रम झाल्यावर चहाला सगळे उभे होते. इंग्रजीचे साळवे सर फार मवाळ माणूस. मुंगी चावली तरी आधी तिला सॉरी म्हणतील! ते हळूच म्हणाले, "साहेब, फक्त एक बारीकशी गोष्ट. तिकडच्या अध्यक्षाला संसद अडवू शकते, कोर्ट अडवू शकतं. आणि दोन टर्म झाल्या की घरी जावंच लागतं."

भैय्यासाहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं. विचार केला.

"मग तेवढं सोडून बाकीचं घेऊ!"

बिस्कीट कपात पडलं. सगळे जण त्या बिस्किटाकडे बघत राहिले. कुणीही दुसरीकडे बघायला तयार नव्हतं.

*

याच साळवे सरांच्या आई श्रीरामपूरला त्यांच्याजवळ असतात. नव्वदीला आल्यात. रोज संध्याकाळी प्रार्थना करतात, आणि लहानपणी, इंग्रजांच्या काळात, चर्चमध्ये शिकवली तशीच करतात. त्यात "राजासाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी" असं येतं.

एकदा मी घरी गेले होते. प्रार्थना झाल्यावर साळवे सर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आई, राजा जाऊन जमाना झाला. आता राष्ट्रपती असतात. निवडून येतात."

आई म्हणाल्या, "व्हय का? मग त्यांच्यासाठीबी करीन. उद्यापासनं दोघांसाठी करते."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. राजासाठी आमी केली, अधिकाऱ्यासाठी आमी केली. आमच्यासाठी त्यांच्यातलं कोन करतं?"

साळवे सर चहा टाकायला आत गेले. खूप वेळ बाहेर आलेच नाहीत.

*

आता रामदास. रामदास सर म्हणायला हवं, पण माझाच विद्यार्थी, म्हणून रामदास. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्याचं गाव. एम.ए., नेट, सगळं झालेलं, आणि सात वर्षं आमच्याकडे तासिका तत्त्वावर. म्हणजे घ्याल तेवढे तास आणि दरवर्षी नव्याने अर्ज! दर जूनमध्ये तो नवा शर्ट घालून स्वतःच्याच जागेसाठी मुलाखत द्यायला यायचा.

शिकवायचा मात्र असा, की दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीशी उभी राहायची. किस्से घरचेच. एकदा म्हणाला, "माझ्या आजीला मी विचारलं, आजी, राजा मोठा का राष्ट्रपती मोठा?"

पोरांनी विचारलं, "मग?"

"आजी म्हणाली, फॉरेस्टचा गार्ड!"

वर्ग हसून हसून लोळला. रामदास हसत नव्हता. तो म्हणाला, "तिचा बैल एकदा राखीव रानात गेला होता. सोडवायला तिला ना राजा भेटला, ना राष्ट्रपती. जो भेटला तोच मोठा. आता हे वहीत लिहा: सत्ता म्हणजे काय?"

सव्वीस वर्षांत मला सत्तेची व्याख्या इतकी सोपी करून सांगता आलेली नाही.

*

मागच्या वर्षी त्याने हाच धडा शिकवला. राजेशाही आणि अध्यक्षीय पद्धत, तुलना. मंगळवारी तास झाला. गुरुवारी सगळ्यांच्या मोबाईलवर सात सेकंदांची ऑडिओ क्लिप. रामदासचा आवाज: "राजा नको. कितीही चांगला असला, तरी राजा नको."

बस्स, एवढंच.

आपल्याकडे राजा म्हटलं की लोकांच्या मनात कोण उभं राहतं, ते वेगळं सांगायला नको. माझ्याही मनात तेच उभे राहतात. शुक्रवारी सकाळी गेटवर चाळीस-पन्नास पोरं जमली. त्यातली निम्मी आमच्या कॉलेजची नव्हती. घोषणा सुरू झाल्या. पठारे सरांनी आपली गाडी मागच्या बाजूला नेऊन लावली.

भैय्यासाहेबांचा मला फोन आला. "मॅडम, माझं काही म्हणणं नाही. पोरगा गुणी आहे. पण विषय आजच्या आज मिटवा."

चौकशी समिती नेमली. प्रिन्सिपल, ऑफिस सुपरिटेंडंट आणि विभागप्रमुख म्हणून मी. रामदास समोर खुर्चीत बसला. शर्ट तोच, जूनमधला.

"सर," तो प्रिन्सिपलना म्हणाला, "मी दोन्ही बाजू सांगत होतो. अध्यक्षीय पद्धतीवाले काय म्हणतात, ते आधी सांगितलं. त्यांचं म्हणणं, राजा नको, कितीही चांगला असला तरी नको, कारण त्याच्यानंतरचा कसा निघेल ते आपल्या हातात नसतं. मग राजेशाहीवाले काय म्हणतात, तेही सांगितलं. अर्धा तास तेच सांगितलं. सिलॅबसमध्येच आहे, सर."

प्रिन्सिपलनी कपाळ चोळलं. माणूस भला आहे. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"अहो, पण दोन्ही बाजू सांगायची गरज काय होती?"

इतिवृत्त मी लिहीत होते. हे वाक्य मी लिहिलं नाही.

मग माफीचा कागद. रामदासने लिहायला घेतला आणि मला विचारलं, "मॅडम, 'माझ्या बोलण्यामुळे भावना दुखावल्या' असं लिहू, की 'माझं बोलणं अर्धवट ऐकल्यामुळे'?"

सुपरिटेंडंट म्हणाले, "अर्धवट-बिर्धवट नको. वाद वाढतो."

रामदास माझ्याकडे बघत होता. शिकत असताना, उत्तर बरोबर आलंय का हे विचारायला बघायचा, तसा. मी म्हणाले, "पहिलंच लिही, रामदास."

त्याने पहिलंच लिहिलं.

त्याला काढलं नाही हं! तासिकावाल्याला काढावं लागतच नाही. सोमवारी नवं टाइमटेबल लागलं, त्यात त्याचं नाव नव्हतं. साळवे सर त्याला मोटरसायकलवर श्रीरामपूरच्या स्टँडवर सोडून आले. परत आल्यावर कुणी काही विचारायच्या आतच म्हणाले, "राजूरची गाडी लागलेलीच होती. बसायला जागापण मिळाली." आणि पेपर तपासायला बसले. एकच पेपर, तासभर.

*

रामदासचे तास माझ्याकडे आले. पंधराएक दिवसांनी मनीषा स्टाफरूमच्या दाराशी आली. मनीषा तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. तिला दिसत नाही. सगळ्या शिक्षकांची परवानगी घेऊन ती प्रत्येक तास मोबाईलवर रेकॉर्ड करते, त्याच तिच्या नोट्स. ज्या मुलींचा तास बुडतो त्यांच्यासाठी ते रेकॉर्डिंग वर्गाच्या ग्रुपवरही टाकते.

"मॅडम, माझ्या मोबाईलची मेमरी फुल झालीय. एक फाईल तुमच्याकडं ठेवता का? मला डिलीट करवत न्हाई."

"कसली गं?"

"रामदास सरांचा तास. तो मंगळवारचा. पूर्ण हाय. मी ग्रुपवर पूर्णच टाकला होता. कुणी कापला, मला न्हाई माहीत."

मी पेन खाली ठेवलं. "पूर्ण आहे? मग मनीषा, तू हे कमिटीला का दिलं नाहीस?"

"आले होते की, मॅडम. शुक्रवारी. प्रिन्सिपल सरांच्या केबिनबाहेर बाकावर बसले होते. शिपाईमामांनाबी सांगितलं होतं. आत तुमचा आवाज आला, मग मला बरं वाटलं. म्हटलं, मॅडम हायत, बोलवतील."

"मग?"

"मग तुमचं झालं. सगळे बाहेर आले." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही माझ्या जवळूनच गेलात, मॅडम."

स्टाफरूममध्ये पंखा चालू होता. पठारे सरांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला.

मनीषाने फाईल पाठवली आणि काठी टेकत तासाला गेली. मी इअरफोन लावले. अठ्ठेचाळीस मिनिटं. सुरुवातीला बाकांची खरखर, हजेरी. मग रामदास. राजा का नको, ते सांगितलं. राजा का हवा, तेही सांगितलं, आणि इतकं मनापासून सांगितलं, की ऐकताना क्षणभर मलाच राजा हवासा वाटला. हायवेवरून एक ट्रक गेला, तेवढा वेळ तो थांबला. मग म्हणाला, "झाल्या दोन्ही बाजू. आता तुम्ही बोला. विचारा."

कुणी काही विचारलं नाही. नुसती शांतता. पाच सेकंद, दहा सेकंद.

"अरे, विचारा ना!" रामदास म्हणाला. "घाबरता काय? मी काय राजा आहे का?"

आणि सगळा वर्ग हसला.